झाडं लावायला पदवी कशाला?

प्रश्न : मुलगी दोनदा नीटला बसली, नंबर लागला नाही. आता वनशास्त्राला जाते म्हणते, उघडे डोंगर पुन्हा हिरवे करायचेत म्हणे. झाडं लावायला पदवी कशाला? ते रोजगार हमीवरच्या मजुरांचं काम. तिसऱ्यांदा नीट द्यायला तुम्हीच तिला समजवा.
– एक वडील

उत्तर : तुमच्या पूर्ण पत्रात तिचे गुण आहेत, क्लासची फी आहे, नातेवाईक काय बोलतात तेही आहे. तिला डॉक्टर व्हायचंय का, एवढंच कुठे नाही. दोनदा अपयश पचवून या मुलीनं तुमच्यासमोर उभं राहून वेगळी वाट सांगितली. त्याला किती धीर लागला असेल! मी तिला समजावणार नाही. समजून घ्यायचंय ते तुम्हाला.

मजुरांचं काम हलकं समजू नका, हे पहिलं. दुसरं, हे काम म्हणजे नुसती झाडं लावणं नव्हे. डोंगर हिरवा करायचा तर आधी पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून मुरवण्याचं काम. ते माथ्याकडून पायथ्याकडे येतं: वर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर, ओघळीत दगडी बांध, मग खाली नाल्यावरचा बंधारा. उलट केलं तर वरचा गाळ येऊन खालचा बंधारा भरतो. चराची पातळी चुकली तर पाणी मुरत नाही, एका टोकाला साचून चर फोडतं आणि तिथेच घळ पडते. रोपं कुठे लावू नयेत हेही कळावं लागतं. तोडलेल्या झाडांची मुळं जिवंत असतील तर चराई थांबवली की जंगल आपसूक फुटतं. कमी पावसाचे माळ मुळात गवताचे. तिथे झाडं कोंबली तर माळढोक, खोकड जाणार कुठे? आणि सगळ्यात अवघड म्हणजे गाव. हिवरे बाजारनं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घेणं थांबवलं, पाण्याचा ताळेबंद मांडला. लोकांना हे पटवता येणं हीसुद्धा विद्याच आहे.

वनशास्त्राची पदवी दापोली, अकोल्याला होते, प्रवेश सीईटीतून. पुढे एमपीएससी, यूपीएससीच्या वनसेवा आहेतच.

पगाराचं मात्र स्पष्ट सांगते. स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीला तो बेताचा असतो आणि उन्हातान्हात डोंगर चढावे लागतात. म्हणून या हिवाळ्यात, परीक्षांचे अर्ज सुटण्याआधी, पाणलोटाचं काम चालू असलेल्या गावात तिला महिनाभर राहू द्या. दोन दिवस तुम्हीही जा. अर्ज नीटचा भरायचा की सीईटीचा, हे परत आल्यावर तिला ठरवू द्या.