पुरात अडकलेल्या ऑनलाइन मैत्रिणीची काळजी वाटते तेव्हा

चिपळूणची मैत्रीण काल रात्रीपासून ऑनलाइन नाही, म्हणून जीव टांगणीला लागणारच, भाऊ. कधी भेटला नाहीस म्हणून ही काळजी खोटी ठरत नाही. सध्या एवढंच सांभाळ:

- सारखे फोन लावू नको. तिकडे वीज नसते, बॅटरी जपावी लागते. साधा एसएमएस कर, नेट बंद असलं तरी तो बरेचदा पोचतो. 'ठीक असशील तर फक्त हो लिही, बाकी नंतर', एवढाच मजकूर पुरे.
- तिने मदत मागितलीच तर पत्ता, जवळची खूण आणि माणसं किती ते विचार. मग रत्नागिरीचा एसटीडी कोड लावून १०७७ वर, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला कळव.
- पुराचे जुने व्हिडिओ पुढे पाठवू नको. नवखे इथेच चुकतात.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, आमच्या नागपुरात घराघरांत पाणी शिरलं. तेव्हा दूरच्या एका मैत्रिणीने मला रोज सकाळी दोन ओळी पाठवल्या, उत्तर मागितलं नाही. मला त्याचा फार आधार वाटला. तूही तसंच कर, आणि पाणी ओसरल्यावर थांबू नको. चिखल उपसायचे, पंचनाम्याची वाट बघायचे दिवस खूप लांबतात. नेमकी तेव्हाच सगळ्यांची विचारपूस बंद होते.