गाडीतल्या ॲम्पवर एचपीएफ आणि एलपीएफ किती ठेवावं? आवाज वाढवला की दारं खडखडतात आणि गाणं दबतं

तुमच्या प्रश्नावरून मला एवढं समजलं: गाडी स्विफ्ट, पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट (ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, वेगळा असलेला संच), मागच्या दारांत कोॲक्सिअल (ट्वीटर स्पीकरमध्येच बसवलेला) आणि ते थेट स्टिरिओवर, डिकीत पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या डब्यात १२ इंची वूफर. ॲम्प एकच, चार चॅनलचा; १-२ पुढच्या दारांना, ३-४ ब्रिज करून, म्हणजे दोन्ही एकत्र जोडून, वूफरला. आवाज वाढवला की दारं खडखडतात, गाणाऱ्याचा आवाज बेसखाली जातो, आणि दुकानदार म्हणतो अजून एक वूफर टाका.

मी लातूरला गाड्यांच्या वायरिंगचं आणि म्युझिकचं काम करतो. अशी तक्रार असलेल्या गाडीत सामान सहसा चांगलंच असतं. बिघडलेलं असतं ते वाटप. दाराच्या स्पीकरला वूफरचं काम लावलेलं असतं आणि वूफरला गाणाऱ्याचं.

आधी आकडे घ्या, कारणं मग सांगतो. एचपीएफ म्हणजे ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचा आवाज अडवणारा फिल्टर, एलपीएफ म्हणजे त्याच्या वरचा अडवणारा. ॲम्पच्या १-२ चॅनलवर स्विच एचपीएफवर आणि डायल ८० हर्ट्झच्या आसपास. ३-४ वर एलपीएफ, तेही ७० ते ८०. सबसोनिक (अगदी तळाचा आवाज अडवणारा फिल्टर) असेल तर २५ ते ३०. बेस बूस्ट पूर्ण बंद. स्टिरिओमधला लाउडनेस बंद, इक्वलायझर सपाट. मागच्या स्पीकरना स्टिरिओच्या मेनूतून एचपीएफ १०० किंवा १२०. इथून सुरुवात करायची, पुढची फिरवाफिरव कानाने.

आता दार का खडखडतं ते बघू. एकाच मोठेपणाचा आवाज काढायचा तर स्पीकरच्या कोनला, म्हणजे समोरच्या शंकूसारख्या पडद्याला, जितकं खाली जाल तितकं जास्त पुढंमागं हलावं लागतं. ८० हर्ट्झला तो एक मिलिमीटर हलत असेल तर ४० हर्ट्झला त्याला चार मिलिमीटर हलावं लागेल आणि २० ला सोळा. साडेसहा इंची स्पीकरची नीट हलण्याची हद्दच तीन-चार मिलिमीटर असते. म्हणजे ४० हर्ट्झचा ठोका दारात सोडला की तो कोन हद्दीबाहेर जातो, आणि त्याच वेळी त्याच कोनवर गाणाऱ्याचा आवाजही स्वार असतो. मग आवाज फाटतो. आपण समजतो स्पीकर हलका निघाला.

एचपीएफ ८० वर ठेवला म्हणजे ८० च्या खालचं सगळं एकदम कापलं जातं असं नाही. तो उतार असतो. बहुतेक ॲम्पमध्ये उतार १२ डीबी प्रति ऑक्टेव्ह. डीबी हे आवाजाचं माप, आणि ऑक्टेव्ह म्हणजे हर्ट्झ निम्मे किंवा दुप्पट होणं. एक ऑक्टेव्ह खाली, म्हणजे ४० हर्ट्झला, आवाज साधारण १२ डीबीने खाली येतो. पॉवरच्या भाषेत सोळावा हिस्सा. म्हणून उतार १२ चा असेल आणि गाणी ढोल-ताशावाली असतील तर ८० ऐवजी ९०-१०० सुद्धा चालतं. २४ डीबीचा उतार असेल तर ७० पर्यंत उतरता येईल.

दोन बारीक गोष्टी इथंच सांगतो, कारण या दोन्ही फार गाड्यांत सापडतात. पहिली, स्टिरिओच्या मेनूतही एचपीएफ चालू आणि ॲम्पवरही चालू. दोन्ही १२ चे असले तर उतार २४ चा होतो आणि ८० हर्ट्झलाच आवाज ६ डीबी खाली गेलेला असतो. वाईट नाही, पण माहीत नसेल तर दार अचानक पोकळ का वाजतंय ते कळत नाही. एकाच ठिकाणी ठेवा, दुसरीकडं फुल किंवा फ्लॅट करा, म्हणजे तिथला फिल्टर बंद. दुसरी, काही ॲम्पवर फिल्टरशेजारी 'एक्स १०' असं छोटं बटण असतं. ते चुकून दाबलं गेलं तर ८० चे ८०० होतात आणि दारातून नुसती चिरचिर येते. शिवाय त्या डायलवरच्या खुणांवर फार भरवसा ठेवू नका. ५० ते २५० लिहिलेल्या डायलचा मध्य म्हणजे १५० नसतो.

वूफरच्या एलपीएफचं मी असं बघतो. कीर्तनाची किंवा भाषणाची एखादी पुरुषी आवाजातली रेकॉर्डिंग लावायची, पुढचे आणि मागचे स्पीकर बंद करायचे, वूफर तेवढा चालू. शब्द कळायला लागले तर एलपीएफ फार वर आहे. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. एलपीएफ १५० वर ठेवला की महाराज डिकीत बसून कीर्तन करतात. नुसती हलकी गुणगुण राहील इतकं खाली आणा. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी चार मीटरहून जास्त, गाडीच्या केबिनपेक्षाही मोठी. त्यामुळं ८० च्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला ओळखता येत नाही आणि डिकीतला वूफर पुढंच वाजल्यासारखा वाटतो. एलपीएफ वर नेला की ही फसवणूक मोडते.

पोर्टच्या डब्याला सबसोनिक असलाच पाहिजे. डबा ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याच्या खाली वूफरच्या कोनला मागून हवेचा आधार राहत नाही. मग तो आवाज न काढता नुसता झोकांड्या खातो आणि एक दिवस कोनमागची कॉइल आपटते. बंद डब्याला एवढी भीती नसते.

यानंतर संबळ लावा. गोंधळाची चांगली रेकॉर्डिंग मोबाइलवर सहज मिळते, आणि तुळजापूरच्या वाटेवरच्या माणसाला संबळ कसा वाजतो हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यात एक मोठं, एक लहान अशी दोन वाद्यं. लहानाचा कडक आवाज ट्वीटर आणि दाराचा. मोठ्याचा घुमारा नेमका दार आणि वूफर यांच्या सांध्यावर बसतो. दोन्ही एकाच माणसाच्या हातातून, समोरून आले पाहिजेत. मोठा डिकीत आणि लहान डॅशबोर्डवर असं वाटलं की सांधा चुकला. अशा वेळी आधी वूफरचं फेजचं बटण ० वरून १८० वर करून बघा. बटण नसेल तर वूफरच्या दोन वायरी अदलाबदल करा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून ज्या बाजूला ठोका भरदार वाटेल ती बरोबर. सांध्यावर दार आणि वूफर एकमेकांच्या उलट हलत असतील तर बेस वाढवून काही होत नाही, ते एकमेकांना खात बसतात.

दोन दारांतला एक स्पीकर उलटा जोडलेला असण्याची शक्यताही तपासा. दीड व्होल्टचा सेल वायरीला क्षणभर लावा. प्लसला प्लस असेल तर दोन्ही बाजूंचा मोठा कोन बाहेरच्या दिशेने हलेल. वायर ॲम्पमधून सोडवून मगच हे करा. ट्वीटरला ही युक्ती चालत नाही, त्याला सेल लावू नका.

ट्वीटरचं तुम्ही विचारलं नाही, तरी थोडक्यात. कंपोनंटबरोबर आलेला पॅसिव्ह क्रॉसओव्हरचा छोटा डबा, म्हणजे ट्वीटर आणि मोठा स्पीकर यांच्यात आवाज वाटणारा, वापरताय ना? काही फिटर जागा नाही म्हणून तो काढून ट्वीटरला नुसता कपॅसिटर लावतात. ४ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरड म्हणजे ४००० हर्ट्झच्या जवळपास आणि उतार फक्त ६ डीबीचा. वाजतो, पण जोरात लावला की खालचं पुष्कळ ट्वीटरमध्ये झिरपतं. तो डबा परत लावा. त्यावर ट्वीटरसाठी ० आणि -३ डीबी असा जंपर असेल तर -३ वर टाका. स्विफ्टसारख्या लहान केबिनमध्ये काच जवळ असल्याने वरचा आवाज आधीच टोचतो.

गेनबद्दल मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण दबणाऱ्या गाण्याचं खरं मूळ बहुधा तिथंच आहे. गेन हे आवाज वाढवायचं बटण नाही. स्टिरिओमधून येणारा सिग्नल आणि ॲम्पची ताकद यांचा मेळ घालायचं ते बटण आहे. तुमच्याकडं वूफरचा गेन शेवटपर्यंत असणार, वर बेस बूस्टही असणार. बूस्ट १२ डीबी म्हणजे त्या जागी सोळापट पॉवर मागितली. तेवढी ॲम्पकडं नसते, मग तो लाटेचे शेंडे छाटून देतो आणि कॉइल तापतात.

मल्टिमीटरने गेन असा बसवा. स्पीकरच्या वायरी ॲम्पमधून काढा. स्टिरिओचा आवाज कमाल आकड्याच्या तीन-चतुर्थांशावर. वूफरसाठी ५० हर्ट्झचा आणि दारांसाठी ३०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर. किती व्होल्ट हवे? स्पीकरचे आरएमएस वॉट (सतत झेपणारी पॉवर) आणि ओहम यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ. ६० वॉट आणि ४ ओहम म्हणजे साडेपंधरा व्होल्ट. २५० वॉट आणि ४ ओहम म्हणजे ३१.६. स्पीकर आणि ॲम्प यांच्यातला जो आरएमएस आकडा लहान, तो धरा. खोक्यावरचा 'मॅक्स' आकडा सोडून द्या. एवढ्यावर गेन थांबवायचा. मग स्पीकर जोडून गाणं ऐकायचं आणि वूफर जड वाटला तर त्याचा गेन अजून कमी करायचा. वाढवायचा कधीच नाही. तुमच्या गाडीत कमीच करावा लागेल असा माझा अंदाज आहे.

बॅटरीवरून आलेली वायरही बघा. बाजारात जाड दिसणारी बरीच वायर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. डीपीपासून सगळ्यात लांबच्या शेतातल्या मोटारीला जसं व्होल्टेज पोचत नाही, तसंच बेसच्या प्रत्येक ठोक्याला ॲम्पचं होतं. चार गेजची अस्सल तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरात फ्यूज, आणि अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्याला. स्टिरिओपासून ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या आरसीएच्या वायरी दुसऱ्या बाजूने आणा. ॲम्प सीटखाली कार्पेटमध्ये गुंडाळून ठेवू नका. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या वर असतो, बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त, आणि ॲम्प तापून आपोआप बंद पडायला लागतो.

मागच्या स्पीकरचा आवाज फेडरने (पुढचा-मागचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सेटिंगने) इतका कमी करा की ते बंद केले तर कळावं, चालू असताना कळू नये. स्टिरिओत टाइम अलाइनमेंट (एकेका स्पीकरला वेगळा उशीर द्यायची सोय) असेल तर टेपने डोक्यापासून दोन्ही दारांच्या स्पीकरचं अंतर मोजा. उजवा जवळ असतो. फरक दर ३४ सेंटिमीटरला १ मिलिसेकंद या हिशेबाने उजव्याला उशीर द्या. गाणारा उजव्या दारातून उठून समोर काचेवर येतो.

दाराची खडखड फिल्टरने निम्मी जाईल. उरलेली पत्र्याची. ट्रिम काढलं की आतल्या पत्र्याला मोठी भोकं दिसतात. स्पीकरच्या पाठीमागचा आवाज त्यातून बाहेर येऊन पुढच्या आवाजाला मारतो. ती बंद केली की गेनला हात न लावता दारातला ठोका भरतो. दाराच्या अगदी तळाची बारीक भोकं मात्र पावसाच्या पाण्यासाठी असतात, ती बुजवू नका. स्पीकरखालची रिंग एमडीएफची असेल तर बदला, दोन पावसाळ्यांत फुगते. पीव्हीसी बोर्डाची चालते. मागून येणारा खडखडाट पुष्कळदा नंबर प्लेटचा असतो, तिच्यामागं फोमची पट्टी चिकटवली की काम संपतं.

राहिला दुसरा वूफर. तुमचा वूफर ४ ओहमचा धरतो. तसाच दुसरा समांतर जोडला तर २ ओहम होतात, आणि चार चॅनलचे बहुतेक ॲम्प ब्रिजमध्ये ४ च्या खाली झेपत नाहीत. प्रोटेक्शनचा लाल दिवा लागेल, नाहीतर धूर निघेल. सिरीजमध्ये जोडले तर ८ ओहम, ॲम्प सुखरूप, पण पॉवर निम्मी होते आणि दोन वूफर मिळून जवळजवळ तेवढाच आवाज देतात जेवढा आज एक देतोय. वेगळा मोनो ॲम्प घेणार नसाल तर दुकानदाराला नाही म्हणा. त्याच पैशात पुढच्या दोन्ही दारांच्या पत्र्याला कंप दाबणारी शीट लागते. ती ब्यूटाइलची मागा. डांबराची स्वस्त मिळते, पण आपल्याकडच्या उन्हात ती नरम पडून दारात खाली सरकते, आणि मग काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेत अडकली की पुन्हा सगळं दार खोलावं लागतं.