बीएमआय नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नको

अगं, बीएमआय २१ आला म्हणजे तुझ्या पोरीला खाण्याचा आजार नाही असं धरून चालू नकोस, माझ्या धाकट्या बहिणीला तो आजार होता तेव्हा तिचा पण नॉर्मलच होता. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, एवढाच तो हिशोब, केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं १८३० च्या दशकात माणसांच्या मोठ्या गटांसाठी मांडलेला, एकट्या पोरीच्या ताटात काय चाललंय ते त्याला कुठनं कळणार? आमच्या घरी निपाणीला ती भाकरी कुस्करून ताटाच्या कडंला पसरायची, खाल्ल्यासारखं दिसायचं, आणि जेवण झालं की लगेच बाथरूमचा नळ सुरू. सगळे म्हणायचे, बारीक झालीस, छान दिसालीस! ते मला आजही खुपतं. एका डॉक्टरनं तर नुसता काटा बघून घरी पाठवलं.

बुलिमियात, म्हणजे भसाभसा खाऊन मग ओकून वगैरे काढायच्या आजारात, वजन बऱ्याचदा नॉर्मलच असतं, आणि जाड पोरीनं खाणं तोडून झपाट्यानं वजन उतरवलं तर बीएमआय नॉर्मल असतानाही ॲनोरेक्सियासारखाच, म्हणजे जाड होण्याच्या भीतीनं उपाशी राहायच्या आजारासारखाच, धोका असतो. तू बघायचं ते पाळी चुकतेय का, उठताना चक्कर, सारखी थंडी, केस गळणं, सणाला पंगतीत बसायचं टाळणं. ओकाऱ्या काढत असंल तर पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून रक्त आणि ईसीजी तपासायला सांगच. बेळगावला मानसोपचाराचे डॉक्टर मिळतात, तिथवर जाणं जमेना तर आधी टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लाव. आणि तिच्यासमोर वजनाचं नाव काढू नकोस, शेजारी बसून जेव नुसतं.