पिरेनीजमधलं (फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या डोंगररांगेतलं) एखादं छोटं रोमानेस्क चॅपेल बघायचं आहे, म्हणजे मध्ययुगातल्या जाड भिंती आणि अर्धगोल कमानींच्या शैलीतलं. कुठलं निवडावं आणि जाताना काय लक्षात ठेवावं?

मी दुर्रो गावाचं सांत किर्क चॅपेल सुचवेन. स्पेनमधल्या कॅटालोनियात बोई नावाचं खोरं आहे. तिथली नऊ रोमानेस्क देवळं २००० साली युनेस्कोच्या यादीत आली, त्यातलंच हे एक. बहुतेक लोक त्याच खोऱ्यातल्या ताउल गावच्या देवळाचा सहा मजली मनोरा बघून परततात, त्यामुळे इथे शांतता मिळते.

मात्र आधी बार्सेलोनात एक दिवस काढा, हे मी आग्रहाने सांगेन. या चॅपेलच्या वेदीपुढची बाराव्या शतकातली रंगवलेली फळी तिथल्या कॅटलान राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. मधोमध संत जुलिता आणि तिचा लहानगा किर्क, भोवतीच्या चार चौकटींत त्यांचा छळ: उकळती कढई, करवत, खिळे, तलवारी. करवत दोन्ही टोकांना धरून ओढणारे मारेकरी जवळून बघा. ताउलची भित्तिचित्रंही त्याच संग्रहालयात आहेत. १९१९ ते १९२३ दरम्यान भिंतीवर सरस लावून कापड चिकटवलं, आणि ते वाळल्यावर रंगाच्या थरासकट सोलून काढलं. हे ठाऊक नसलं की खोऱ्यात येऊन ‘चित्रं कुठायत?’ असं होतं.

बार्सेलोनाहून गाडीने चारेक तास धरा. एल पोन दे सुएर्तच्या पुढे एल-५०० रस्ता खोऱ्यात शिरतो, आणि बार्रुएराला दुर्रोचा फाटा लागतो. गाडी गावाच्या तोंडाशीच लावा, आतल्या गल्ल्या फार अरुंद आहेत. तिथून चॅपेलपर्यंत चढ आहे, अर्धा तास लागतो. उंची १५०० मीटरच्या आसपास, म्हणून हिवाळ्यात वाटेवर बर्फ असू शकतं.

सगळ्यात जास्त फसगत कुलपामुळे होते. चॅपेल रोज उघडं असेलच असं नाही. खोऱ्यातल्या एरिल ला वाय गावात या देवळांची माहिती देणारं रोमानेस्क केंद्र आहे, तिथे आदल्या दिवशी विचारून घ्या.

दार उघडं मिळालं तर आत गेल्यागेल्या कॅमेरा काढू नका. पाच मिनिटं नुसते उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. दालन एकच, वर दगडी अर्धगोल कमान, टोकाला अर्धवर्तुळाकार वेदीची जागा. अशी कमान भिंतींना बाहेर रेटते, म्हणून भिंती जाड आणि खिडक्या चिंचोळ्या ठेवाव्या लागतात. बाहेर आल्यावर एक फेरी मारा: ओबडधोबड घडवलेले दगड, सांध्यांत चुना, भिंतीच्या माथ्यावर घंटेसाठी ठेवलेली कमान.

जमलं तर जूनच्या मध्यात जा. तेव्हा एका रात्री गावकरी पेटत्या मशाली खांद्यावर घेऊन सांत किर्कच्या डोंगरावरून दुर्रोत उतरतात. पिरेनीजमधल्या या अग्निउत्सवांना २०१५ साली युनेस्कोची मान्यता मिळाली. नेमकी तारीख ठरवूनच खोली घ्या, कारण गाव अगदी छोटं आहे.