बाजार भरव, पण म्युझियमचं कपाट त्यात उघडू नकोस

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. छप्पर गळतंय, ट्रस्टकडे पैसे नाहीत आणि दिवसाला येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, म्हणून जुन्या वस्तूंचा बाजार भरवून म्युझियम चालवायचं म्हणतेस. भरव की. बँकेतून रिटायर झाल्यावर मी आमच्या गावच्या म्युझियमसाठी हाच उद्योग काही वर्षं केलाय, त्यामुळे कुठे कुठे तोंडघशी पडलो ते सांगतो, बाकी तुझं तू बघ.

आधी ते बोर्डावरचं 'अँटिक' काढून टाक. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, जुनी हस्तलिखितं तर 75 वर्षांतच, आणि पुरावस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं. भंगारातून पितळी डबे उचलून आणणाऱ्याकडे कुठलं लायसन्स असणार? म्हणून 'जुन्या वस्तूंचा बाजार' एवढंच लिही आणि टेबल घेणाऱ्याकडून कागदावर सही घे की शंभर वर्षांच्या आतलाच माल मांडेन, हस्तलिखित असेल तर 75 च्या आतलं. स्टोव्ह, कंदील, रेडिओ, चिनी मातीच्या बरण्या, इनॅमलच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं, यात बक्कळ मजा आहे. देवळातली मूर्ती, शेतात सापडलेली नाणी, हस्तिदंत, सांबरशिंग, तलवार असलं काही दिसलं की तिथल्या तिथे उचलायला लाव, ओळखीचा असला तरी. आणि राईस पुलर, म्हणजे तांदूळ ओढून घेणारं 'चमत्कारी' भांडं म्हणून फसवणूक करतात ते, आहे का विचारणारा एकतरी महाभाग येणारच, त्याला चहासुद्धा पाजू नकोस.

आता पैशाचं. तुझ्या कमिटीत कुणीतरी म्हणेलच की विक्रीवर दहा टक्के घेऊ. आम्ही घेतले, तीन महिने. संध्याकाळी वही घेऊन फिरलो की प्रत्येकजण "आज भोवनीच नाही झाली काका", आणि सकाळी टेबलावर असलेला ग्रामोफोन मात्र गायब. त्यात तो ग्रामोफोन पण नकली, पेटी नवीन, कर्णा चकचकीत पितळी, कुत्र्याचं चित्र वरून चिकटवलेलं, आणि ज्याने घेतला तो पुढच्या आठवड्यात विकणाऱ्याकडे नाही गेला, म्युझियमच्या दारात येऊन बसला, कारण कमिशन आम्ही खाल्लं होतं ना! तेव्हापासून टेबलाचं ठराविक भाडं, आधी भरायचं, थेट ट्रस्टच्या खात्यात, पावतीसकट. विक्री त्यांची, गॅरंटीपण त्यांची. बाजार सुरू करायच्या आधी सीएला भेटच, धर्मादाय ट्रस्टने धंद्यासारखं किती कमवायचं यालाही नियम आहेत.

वार नीट निवड. रविवार आणि बुधवार पुण्याचा जुना बाजार असतो, तिथले विक्रेते ते सोडून तुझ्याकडे कशाला येतील? आम्ही महिन्याचा दुसरा शनिवार धरला, बँका बंद, नोकरदार घरी, आणि लक्षात ठेवायला सोपं. महिन्यातून एकदाच. चार टेबलं आली तरी भरवायचा, आठ दिवस आधी तारीख बदललीस तर पुढच्या वेळी कोणी येत नाही. पावसाळ्यात मात्र सरळ सुट्टी दे.

आणि एक खरं सांगू का, भाड्याच्या पैशात छप्पर होणार नाही. त्यातून वॉचमनचा पगार आणि लाईट बिल निघेल, फार तर एखादं काचेचं कपाट. छप्पर होणार देणगीतून नाहीतर सीएसआरमधून, म्हणजे कंपन्या समाजकार्यावर खर्च करतात त्या पैशातून, कारण कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा, कला, संस्कृती यांचं जतन बसतं. पण कंपनीच्या माणसाला मंगळवारी दुपारी रिकाम्या हॉलमध्ये उभं केलंस तर तो काय बघणार, धूळ? त्याला बाजाराच्या दिवशी बोलाव. पोरं डायल फिरवायचा फोन फिरवतायत, आजी कल्हईवाल्याशी भाव करतायत, हे त्याला दिसू दे, मग अर्ज पुढे कर. तोवर ट्रस्टची आणि देणगीदाराची आयकर सवलतीची नोंदणी (लोक 12ए, 80जी म्हणतात ती) आणि सीएसआरची नोंदणी हातात पाहिजे, नाहीतर तो हसून निघून जाईल.

गर्दी आत यायला पाहिजे, बाहेरच नको. आम्ही व्हरांड्यात एक टेबल टाकलं, वर पाटी 'घरातली वस्तू आणा, काय आहे ते सांगू'. एक आजी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून अडकित्ता घेऊन आल्या, पोपटाच्या आकाराचा, दांडीवर बारीक जाळी, डोळ्याच्या जागचा खडा पडलेला. आमच्या पोराने त्यांना आत नेऊन कपाटातला तसलाच दाखवला तर त्या अर्धा तास तिथेच, सासूबाई सुपारी कशी कातरायच्या ते हात करून दाखवत होत्या. तो अडकित्ता आम्हाला मिळाला नाही, त्या परत घेऊन गेल्या, पण पुढच्या महिन्यात सगळं घर घेऊन आल्या. किंमत मात्र त्या टेबलावर कधीच सांगायची नाही. पाच हजार म्हणालीस की वस्तू संध्याकाळी बाहेरच्या टेबलावर.

पुण्यात बाजीराव रोडवर केळकर म्युझियम आहे ना, ते जमवणारे दिनकर केळकर चष्म्याच्या दुकानातले, कविता करायचे, आणि मुलाच्या आठवणीत त्यांनी संग्रहाला त्याचं नाव दिलं. लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, वाद्यं तिथे आहेत. लोक वस्तू देतात ते असं कुणाचं तरी वेड बघून.

म्हणून शेवटचं, आणि हे माझ्या हातून झालंय. आमच्याकडे पानाचे डबे सात झाले होते, सगळे देणगीत आलेले, जागा नाही, मी म्हटलं दोन बाजारात काढू, कुणाला कळतंय. देणाऱ्याचा नातूच बाजारात आला. झाकणाच्या आत आजीचं नाव टोचलेलं होतं, मी बघितलंच नव्हतं. तो भांडला नाही, पैसे दिले आणि डबा घेऊन गेला, मी नको नको म्हणत असताना. नंतर सहा महिने गावातून एकही वस्तू आली नाही. तेव्हा देणगी रजिस्टर आणि बाजाराची वही दोन वेगळ्या माणसांकडे ठेव, आणि कमिटीतल्या कुणीही, तूसुद्धा, बाजारात स्वतःसाठी खरेदी करायची नाही, निदान दुपारपर्यंत तरी. (मी एक कंदील घेतलाय, तो विषय वेगळा.)

पहिली तारीख ठरली की कळव. माझ्याकडे जुन्या कुलपांची एक पेटी पडून आहे, कोपऱ्यातलं टेबल दे, भाडं आधी पाठवतो.