मनातल्या आवाजाशी सौम्य झालो, तर आळशी होईन का?

तुम्ही लिहिलंय की मनातला आवाज सारखा घालूनपाडून बोलतो, पण तोच गप्प झाला तर शिस्त सुटेल अशी भीती वाटते. नाही सुटत. आमचा दादा वीस वर्षं याच्या उलट सांगत आलाय, म्हणून जरा लांबण लावतो.

मी साताऱ्याचा, बँकेत काउंटरवर. २०१९ साली माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ९.१ निघाली, म्हणजे मधुमेह. दादा म्हणाला, "तुला धाक नाही. स्वतःचे लाड बंद कर." पटलं. मग दादाच माझ्या डोक्यात मुक्कामाला आला.

पुतणीचा दहावीचा निकाल लागला, घरात कंदी पेढ्यांचा पुडा. रात्री साडेअकराला, दिवा न लावता, ओट्यापाशी उभ्या उभ्या चार खाल्ले. सकाळी सुरू: निर्लज्जा, आबा याच दुखण्यानं गेले तरी अक्कल येत नाही. एवढं ऐकून मी सुधारलो असतो तर दादा जिंकला असता. मी साखर तपासणंच सोडलं. सुई टोचायची भीती नव्हती. आकडा दिसला की शिव्या बसणार, त्याची होती. यंत्र कपाटात गेलं. 'महिना वाया गेलाच आहे' म्हणून उरलेला पुडाही संपवला. पुढचा रिपोर्ट ९.८. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर यात मोजली जाते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात उपाशी राहून तो रिपोर्ट फसत नाही. (करून पाहिलंय.)

डोक्यात उजेड पडला तो काउंटरवर. पेन्शनवाले एक आजोबा, सही जुळेना, तिसरी स्लिप, हात थरथरत होते. म्हटलं, "बसा बाबा, घाई नाही, परत करू." ओरडलो नाही. पण सही जुळेपर्यंत पैसेही दिले नाहीत! एवढी माणुसकी आणि एवढा कडकपणा मी पगारापुरता रोज करत होतो, घरी आणत नव्हतो.

आता रोज सकाळी आकडा वहीत. आकड्यापुढे विशेषण नाही. पेढा खाल्ला तर 'पेढा १' एवढंच. जेवणानंतर वीस मिनिटं चालणं मात्र चुकवायचं नाही, पाऊस असला तर घरातल्या घरात. परवा तीन महिन्यांची ७.१ आली.

दादाला मनाचे श्लोक सगळे २०५ पाठ. त्याला विचारलं, समर्थ दुसऱ्याच श्लोकात मनाला 'सज्जना' म्हणतात आणि त्याच दमात काय सोडायचं, काय करायचं तेही सांगतात. 'निर्लज्जा' का नाही म्हणाले? विषय बदलला त्यानं.

एक राहिलंच. इन्सुलिनवर किंवा मधुमेहाच्या गोळ्यांवर असाल आणि दरदरून घाम, थरथर सुटली, तर शिस्त बाजूला ठेवून आधी साखर खा. आणि तुमचा आवाज जगूच नको म्हणत असेल, तर माझं ऐकत बसू नका. टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे.

गेल्या दिवाळीत दादाचा फोन आला, आवाज दबका. "माझी ६.२ आलीय, काठावर. घरात बोलू नकोस. ती तुझी वही कशी असते रे?" घरात मी बोललेलो नाही.