परक्या शहरात कुणाला सांगावे, किती आणि केव्हा?

वाचकांचे प्रश्न

स्वयंसेवक म्हणून परदेशी गेलेल्या किंवा जाऊ इच्छिणाऱ्या समलिंगी वाचकांची तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख उघड होऊ नये, यासाठी शहरांची आणि संस्थांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून एका स्वयंसेवी संस्थेमार्फत वर्षभरासाठी परदेशात आलो आहे. मुलांच्या अभ्यासकेंद्रात शिकवतो आणि संस्थेने ठरवून दिलेल्या यजमान कुटुंबात राहतो. इथे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. पण त्याविषयी कुणी उघड बोलतही नाही. मायदेशी माझ्या बहिणीला आणि जवळच्या मित्रांना माझ्याविषयी सगळे ठाऊक होते. इथे मात्र यजमानीणबाई जेवताना रोज माझ्या लग्नाचा विषय काढतात आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. कित्येक वर्षे मागे ढकलला गेल्यासारखे वाटते. मी सांगावे का, कुणाला सांगावे, आणि धोका न पत्करता माझ्यासारखी माणसे कुठे भेटतील?

उत्तर : तुमचे मागे ढकलले गेल्यासारखे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्याविषयी सांगणे हे एकदा उरकून मोकळे होण्यासारखे काम नसते. नवे घर, नवे कार्यालय, नवे शहर आले की तो निर्णय पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो. मायदेशी ज्यांना तुम्ही सांगितले, ती माणसे तुम्ही वर्षानुवर्षे पारखलेली होती, आणि इथे तशी पारख करायला अजून पुरेसा अवधीच मिळालेला नाही. तेव्हा आपण खोटे जगत आहोत, असा आरोप स्वतःवर करू नका.

मात्र गप्प राहायचे तेही विचारपूर्वक आणि सांगायचे तेही क्रम ठरवून. माझ्या मते यजमान कुटुंबाची पाळी सगळ्यांत शेवटी यावी आणि ती कधीच आली नाही तरी बिघडत नाही. सहकाऱ्याला तुमचे सांगणे रुचले नाही, तर फार तर त्याच्याशी अबोला होईल; यजमानांना रुचले नाही, तर त्याच रात्री डोक्यावरचे छप्पर जाण्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणून आधी संस्थेतील एका जबाबदार व्यक्तीला, बहुधा तुमच्या समन्वयकांना, विश्वासात घेणे शहाणपणाचे ठरेल. त्याआधी संस्थेची आचारसंहिता काढून वाचा आणि भेदभाव न करण्याच्या कलमात लैंगिक कल हा शब्द आहे का, ते पाहा. मग स्वतःविषयी काहीही न सांगता एक प्रश्न विचारा : पूर्वी समलिंगी स्वयंसेवक आले असतील, तर त्यांची राहण्याची सोय कशी केली होती? उत्तरात काय सांगितले जाते याच्याइतकेच ते कशा स्वरात सांगितले जाते, हेही पाहा. समोरची व्यक्ती गडबडली, हसली किंवा 'आमच्याकडे तसे कुणी येत नाही' असे म्हणाली, तर तूर्त थांबलेले बरे. तिने शांतपणे, तपशिलात उत्तर दिले, तर पुढे बोलण्यास हरकत नाही. बोलताना मात्र एक गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगा : 'ही माहिती आणखी कुणाला द्यायची, ते मी ठरवीन.' चांगल्या हेतूने का होईना, पण 'तुम्हाला आधी कळलेले बरे' असे म्हणून यजमानांच्या कानावर घालणारे लोक असतात. त्याच बैठकीत, वेळ आली तर दुसरे घर किती दिवसांत मिळेल आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, हेही विचारून ठेवा.

आता यजमानीणबाईंचा प्रश्न. परक्या मुलाशी जेवताना काय बोलायचे, तर लग्नाविषयी विचारायचे, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा असतो. त्यावर मायदेशी प्रेयसी आहे असे रचून सांगू नका, कारण रचलेल्या माणसाला नाव लागते, छायाचित्र लागते, तिचा फोन का येत नाही याचे कारण लागते आणि तुम्ही गेल्या महिन्यात काय सांगितले होते, ते त्या बाईंच्या तुमच्यापेक्षा चांगले लक्षात राहते. उद्या ते उघडे पडले, तर तुमच्या समलिंगी असण्याशी काहीही संबंध नसताना केवळ खोटेपणामुळे विश्वास जाईल. 'सध्या मन कामात आहे, लग्नाचा विचार केलेला नाही' हे उत्तर खरे आहे आणि पुरेसेही आहे. ते देऊन लगेच त्यांनाच विचारा की त्यांचे स्वतःचे लग्न कसे ठरले, तेव्हा घरात कोण काय म्हणाले, कुणाचा विरोध होता का. बहुतेक माणसांना ही गोष्ट सांगायला आवडते आणि ती ऐकताना त्या घराचा स्वभावही तुम्हाला कळत जातो. एखाद्या नातलगाने घराला न रुचलेले लग्न केले असेल, तर त्याच्याविषयी त्या कशा बोलतात हे ऐकले की पुढे कधी सांगायचे किंवा नाही, याचा अंदाज येईल.

माणसे भेटण्याचा प्रश्न अधिक जपून हाताळावा लागेल. डेटिंग ॲप हा सगळ्यांत सोपा मार्ग दिसतो, परंतु समोरचा माणूस किती अंतरावर आहे हे दाखवणाऱ्या ॲपवर तीन वेगवेगळ्या ठिकाणांवरून अंतर मोजले, तर त्याचा ठावठिकाणा बऱ्याच अचूकपणे काढता येतो, हे संशोधकांनी २०१४ मध्येच दाखवून दिले होते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२३ मध्ये इजिप्त, इराक, जॉर्डन, लेबनॉन आणि ट्युनिशिया या देशांविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालात, बनावट खात्यांवरून लोकांना जाळ्यात ओढल्याची, पैसे उकळल्याची आणि फोनमधील छायाचित्रे पुरावा म्हणून वापरल्याची प्रकरणे नोंदवली आहेत. तुमच्या देशात कायदा आड येत नसला, तरी पैसे उकळणाऱ्याला कायद्याची गरज नसते; 'केंद्रातील पालकांना सांगेन' एवढी धमकी त्याला पुरते. म्हणून अंतर दाखवण्याची सोय बंद ठेवा, इतर समाजमाध्यमांवर असलेले छायाचित्र तिथे लावू नका, संस्थेचे नाव किंवा ओळखपत्र कुठेही दिसू देऊ नका. भेटण्याआधी व्हिडिओ कॉलवर बोला, पहिली भेट दिवसा आणि गजबजलेल्या ठिकाणी ठेवा आणि कुठे चालला आहात हे एका माणसाला सांगून जा, मग तो माणूस दुसऱ्या देशात असला तरी चालेल.

ॲपपेक्षा गटाचा मार्ग संथ आहे, पण माझा कौल त्यालाच आहे. एचआयव्हीविषयी काम करणाऱ्या स्थानिक संस्था, विद्यापीठातील विद्यार्थिगट, चित्रपट मंडळे, समूहगानाचे किंवा धावण्याचे गट अशा ठिकाणी एखादा विश्वासू माणूस मिळाला, की पुढची माणसे त्याच्या ओळखीने भेटत जातात आणि कोणापासून दूर राहावे, हेही तोच सांगतो. तिथली भाषा शिकण्याचा वर्ग लावा, पोहायला जा, वाचनालयात नाव घाला. काम, घर, मित्र आणि व्हिसा या चारही गोष्टींसाठी एकाच संस्थेवर विसंबून राहावे लागणे हे स्वयंसेवकाचे मोठे दुबळेपण असते, आणि संस्थेबाहेरची एखादी साधी ओळखसुद्धा ते कमी करते.

या सगळ्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. वर्ष संपले की तुम्ही विमानात बसाल. तुमचे तिथले समलिंगी मित्र मात्र त्याच गल्लीत, त्याच नोकरीत, त्याच आईवडिलांसमोर राहणार आहेत. तुम्ही आनंदाने टाकलेल्या एका सामूहिक छायाचित्राची किंमत त्यांतील कुणाला घर सोडून मोजावी लागू शकते. म्हणून छायाचित्र टाकण्यापूर्वी प्रत्येकाला विचारा, नावे जोडू नका आणि फोनमध्ये त्यांची नावे साठवतानाही विचार करा. त्यांनी घरी काही सांगितलेले नसेल, तर तो भित्रेपणा समजून त्यांना धीटपणाचे धडे देऊ नका. तिथली हवा त्यांना तुमच्यापेक्षा चांगली कळते. ज्या कुटुंबांसाठी संस्था काम करते, त्यांतील कुणाशीही, तो सज्ञान असला आणि त्याने स्वतः पुढाकार घेतला तरी, प्रेमसंबंध जोडू नका. तुम्ही देणारे आणि तो घेणारा, असे नाते असताना त्याच्या होकारात किती मोकळेपणा आहे, हे तुम्हाला कळणार नाही. बहुतेक संस्थांच्या आचारसंहितेतही याला मनाई असते.

आरोग्याविषयी थोडक्यात. असुरक्षित संबंध घडला किंवा कंडोम फाटला, तर एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी पेप नावाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके चांगले. तुमच्या शहरात ती कोठे मिळतात याचा तपास आजच करून ठेवा, कारण त्या वेळी शोधाशोध करण्यात तास जातात. प्रेप, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचे औषध, घेत असाल, तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगा आणि संस्थेच्या विम्यात काय बसते, ते वाचून घ्या.

प्रश्न : मला युगांडातील एका आरोग्य प्रकल्पात सहा महिने काम करण्याची संधी आली आहे. मी गे आहे, हे पाठवणाऱ्या संस्थेला माहीत आहे. परदेशी माणसाला तिथे कुणी हात लावत नाही, आपण आपले शांत राहावे, असे संस्थेचे लोक म्हणतात. जावे का?

उत्तर : माझे स्पष्ट मत आहे की जाऊ नये. युगांडाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात समलिंगी संबंधांसाठी जन्मठेपेची, कायद्याने 'गंभीर' ठरवलेल्या प्रकारांसाठी मृत्युदंडाची आणि समलैंगिकतेच्या 'प्रचारा'साठी २० वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. एप्रिल २०२४ मध्ये तेथील घटना न्यायालयाने काही कलमे रद्द केली, परंतु कायद्याचा मोठा भाग कायम ठेवला. परदेशी पारपत्र ही ढाल नव्हे. अटक झाल्यास आपला दूतावास तुम्हाला भेटू शकतो, वकील मिळवून देण्यास साहाय्य करू शकतो, घरी कळवू शकतो. यजमान देशाच्या कायद्यातून तो तुम्हाला सोडवू शकत नाही. 'शांत राहावे' असे सांगणाऱ्या संस्थेने तुमच्या सुरक्षिततेचा भार तुमच्या एकट्याच्या खांद्यावर टाकलेला आहे, आणि मला तिच्या उत्तरातील हाच भाग अधिक खटकतो. तुमच्याबरोबर काम करणाऱ्या स्थानिक सहकाऱ्यांवरही संशय येईल, याचाही विचार तिने केलेला दिसत नाही.

आरोग्याच्या कामाची तळमळ असेल, तर दुसऱ्या देशातील प्रकल्प मागा. एकाच खंडात कायदे किती निराळे असतात, ते पाहा : मोझांबिकने २०१५ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून वगळले, तर दक्षिण आफ्रिकेत २००६ पासून समलिंगी विवाहास मान्यता आहे. अर्थात कायद्याने सगळे भागत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या घटनेत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई असूनही तेथील वस्त्यांमध्ये समलिंगी स्त्रियांवर हल्ले होत आले आहेत. शिवाय कायदे नेहमी पुढेच सरकतात, असेही नाही. कॅरिबियनमधील त्रिनिदाद आणि टोबॅगोत २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले होते. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोमध्ये पूर्वी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदाच नव्हता, तो २०२५ मध्ये करण्यात आला. म्हणून समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या इल्गा वर्ल्ड या आंतरराष्ट्रीय संघटनेची कायद्यांविषयीची देशवार माहिती अर्ज करताना पाहाच, आणि तिकीट काढण्यापूर्वी पुन्हा पाहा.

प्रश्न : माझी परिस्थिती इतरांहून उलटी आहे. मी ज्या शहरात स्वयंसेवक आहे, तिथे समलिंगी विवाह कायदेशीर आहे, संस्थेत सगळ्यांना माझ्याविषयी ठाऊक आहे, गे बारही आहेत. तरीही मी इतका एकटा कधीच नव्हतो. बारमध्ये जातो, कुणाशी चार शब्द बोलतो आणि परत येतो. हे मोकळेपण मिळूनही मी दुःखी असावे, याची लाज वाटते.

उत्तर : लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. कायद्याने भीती जाते, मैत्री मात्र आपोआप होत नाही, आणि आयुष्यभर ज्या शहराची स्वप्ने पाहिली तिथे पोहोचूनही खोलीत एकटे बसावे लागते, तेव्हा ते अधिकच बोचते. बारमध्ये लोक आपापल्या घोळक्यातून येतात. मोठ्या आवाजात, न सरावलेल्या भाषेत, कधी रंगावरून आणि उच्चारावरून जोखले जात असताना तिथे नव्याने शिरणे कुणालाही अवघड असते. तुमची स्वयंसेवेची मुदत ठरलेली असल्यामुळे 'हा तर जाणारच' असे समजून काही जण जवळ येण्याचेही टाळत असतील.

त्यापेक्षा जिथे दर आठवड्याला तीच माणसे येतात आणि हाताला काही काम असते, अशी एक जागा निवडा. समलिंगी लोकांचे समूहगान, खेळाचा संघ, हेल्पलाइनचे काम, वयस्क समलिंगी व्यक्तींना सोबत करण्याचा उपक्रम यांतील जे शहरात असेल ते पाहा. वयस्कांच्या उपक्रमाची मी आवर्जून शिफारस करतो. ज्यांनी तुमच्या आजच्या मोकळेपणासाठी वर्षे घातली, त्यांना पुष्कळदा तुमच्याइतकाच एकटेपणा असतो आणि नवशिक्याची अडखळती भाषा ऐकून घेण्याची सवडही असते. पहिल्या दोन-तीन खेपांना कुणी विशेष बोलले नाही, तर जाणे बंद करू नका. नियमित येणारा माणूस म्हणून ओळख पटायला तेवढा वेळ जातोच. तुमची मुदत केव्हा संपते, तेही विचारले की सरळ सांगा. आणि झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल किंवा सकाळी कामावर जाणे जड होत असेल, तर संस्थेच्या विम्यातून समुपदेशन मिळते का ते याच आठवड्यात विचारा. तुमच्या भाषेत बोलणारा समुपदेशक त्या शहरात नसेल, तर दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून मिळू शकेल.